आजोबांचा कागद आणि संगणकावरचा उतारा: बेळगाव भागात नोंद कशी पडताळायची

वडील गेले तेव्हा जमिनीच्या कागदांतलं मला काहीच कळत नव्हतं. उतारा काढायचा, अर्ज द्यायचा, वारसांची नावं लागतील, एवढंच डोक्यात होतं. खिडकीवर पैसे भरले, उतारा घेतला आणि घरी आलो. काकांनी ट्रंकेतून जुना, हाताने लिहिलेला उतारा काढून त्याच्या शेजारी ठेवला. जुन्यावर आजोबांचं नाव धोंडिबा, क्षेत्र 2-07, म्हणजे 2 एकर 7 गुंठे. नव्यावर दोंडिबा, क्षेत्र 2-01. सहा गुंठे कमी झालेले आणि नावातला ध जाऊन द आलेला.

दोन्ही दुरुस्त व्हायला मला अकरा महिने लागले. त्यातले निम्मे महिने केवळ आधी काय करायचं आणि नंतर काय, हे माहीत नसल्यामुळे गेले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली आपली बरीच मुलं आज पुण्याला, कोल्हापूरला किंवा गोव्याला नोकरीला आहेत आणि घरातलं माणूस गेल्यावरच पहिल्यांदा उतारा हातात घेतात. हा लेख त्यांच्यासाठी लिहिला आहे. सरकारने कागद संगणकावर आणले हे चांगलंच झालं. पण तुमचा कागद संगणकावर नीट आला आहे का, हे तुमच्याशिवाय दुसरं कुणी तपासणार नाही.

1. हातात काय आहे ते आधी ओळखा: फोटो की नक्कल

कागद संगणकावर आणायच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतल्या चुका वेगवेगळ्या असतात.

पहिली तऱ्हा म्हणजे नोंद वाचून पुन्हा टाइप करणं. कर्नाटकाची भूमी योजना अशी उभी राहिली. 2000 सालाच्या आसपास राज्यातले साधारण 2 कोटी उतारे तलाठ्यांच्या वह्यांतून वाचून संगणकात भरले गेले, त्यानंतर हाताने लिहिलेला उतारा बंद झाला आणि तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत छापील उतारा मिळू लागला. तलाठ्याच्या मागे फिरणं त्यामुळे थांबलं. माझे वडील हे शेवटपर्यंत कौतुकाने सांगायचे आणि त्यांचं खरंच होतं. पण एवढ्या नोंदी माणसांनीच वाचल्या आणि माणसांनीच टाइप केल्या. पुसट अक्षर असलं की वाचणाऱ्याला जे दिसलं तेच पुढे गेलं.

दुसरी तऱ्हा स्कॅनची. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधल्या जुन्या कागदांचे फोटो काढून ठेवायचे. भू सुरक्षा नावाने हे काम अलीकडे सुरू झालं आहे. स्कॅनमध्ये ध चा द होत नाही. तिथे पान सुटतं, कडा कापली जाते, मागची बाजू राहून जाते किंवा फाइल भलत्याच गावाच्या नावावर चढते.

म्हणून टाइप केलेल्या नोंदीत अक्षर आणि आकडा तपासायचा, स्कॅनमध्ये पानं आणि गाव. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

2. घरातली ट्रंक उघडा

कचेरीत जायच्या आधी हे करा. एका रविवारी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि पुढचे कागद वेगळे काढा:

- हाताने लिहिलेले जुने उतारे (आपल्याकडे पहाणी म्हणतात, कचेरीत आरटीसी). भूमी सुरू व्हायच्या लगेच आधीचा असेल तर तो सर्वांत मोलाचा.
- फेरफाराच्या नकला, म्हणजे एम.आर. त्यावरचा नंबर वहीत उतरवून घ्या.
- वाटणीपत्र, खरेदीखत, बक्षीसपत्र.
- कुळाची जमीन असेल तर भू-न्यायमंडळाचा आदेश आणि नमुना 10 चा दाखला.
- जमीन महसुलाच्या पावत्या. क्षुल्लक वाटतात, पण त्यांवर खातेदाराचं नाव आणि वर्ष दोन्ही असतं.
- सोसायटीचं कर्ज फिटल्याचा दाखला.
- मृत्यूचे दाखले आणि वंशावळ.
- हयात वारसांची आधार कार्डं.

कुळाच्या कागदाबद्दल थोडं सांगतो. कर्नाटकात 1 मार्च 1974 पासून कुळांच्या जमिनी सरकारकडे निहित झाल्या आणि कुळांनी नमुना 7 भरून हक्क मागितला. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांच्या मालकीचं मूळ त्या आदेशात आहे. उताऱ्यावर त्याची फक्त एक ओळ असते. मूळ आदेश घरात नसेल तर त्याची नक्कल मागायचा अर्ज आजच लिहून ठेवा.

कागद चाळताना आणखी एक ध्यानात असू द्या. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. त्याआधीचे कागद मुंबईच्या महसुली पद्धतीचे आहेत आणि त्यांत मराठी, कानडी, मोडी सगळं सापडतं. ट्रंकेत सात-बारा सापडला तर महाराष्ट्रातला कागद चुकून आला असं समजून बाजूला टाकू नका. तो तुमच्याच शेताचा असू शकतो.

3. ऑनलाइन उतारा काढा, पण सरकारी ठिकाणावरूनच

महसूल खात्याच्या भूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव आणि सर्वे नंबर टाकायचा. पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण, म्हणजे 'जीओव्ही डॉट इन', असेल तेच खरं. सारख्या नावाची खासगी पानं पैसे घेतात आणि शिळी माहिती देतात.

नवखा माणूस तीन ठिकाणी अडतो.

होबळी माहीत नसते. उचगाव, काकती ही बेळगाव तालुक्यातल्या होबळ्यांची नावं. तुमचं गाव कुठल्या होबळीत येतं ते जुन्या पावतीवर मिळेल.

गावाची जोडी असते. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत आणि यादीत ती बी.के. आणि के.एच. अशी येतात. चुकीचं गाव निवडलं तरी त्या नंबरचा उतारा उघडतो. फक्त तो दुसऱ्या कुणाचा असतो आणि माणूस जमीन गेली म्हणून घाबरतो. हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

सर्वे नंबरनंतर 'सर्नॉक' नावाचा एक रकाना येतो. तिथे बहुतेक वेळा फक्त तारा (*) असतो, तो निवडा आणि मग हिस्सा नंबर. हा रकाना न भरल्यामुळे नोंदच नाही असं समजून परत गेलेले लोक मला ठाऊक आहेत.

पडद्यावर फुकट दिसणारा उतारा नुसता माहितीसाठी असतो. बँकेला, कोर्टाला किंवा नोंदणीला लागतो तो पैसे भरून काढलेला, डिजिटल सहीचा. खिडकीवरून, नाड कचेरीतून (होबळीच्या कचेरीतून) किंवा 'ग्राम वन' (इंग्रजी One) या सरकारी सेवा केंद्रातूनही उतारा मिळतो. आधारचा ओटीपी मात्र मदत करणाऱ्या एजंटाला सांगू नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

4. कानडी उतारा वाचायला शिका

भूमीचा उतारा कानडीतच येतो. ज्यांना कानडी वाचता येत नाही ते दुसऱ्याला विचारतात, तो "बरोबर आहे" म्हणतो आणि कागद घडी करून खिशात जातो. असं करू नका. उताऱ्यावर वाचायच्या जागा थोड्या आहेत, अर्ध्या दिवसात शिकून होतं. शेजारचा दहावीतला मुलगा किंवा मुलगी घ्या आणि एकेक रकाना बोट ठेवून वाचून घ्या.

रकाना 3 क्षेत्राचा. वर एकूण क्षेत्र, त्याखाली अ आणि ब खराब (लागवडीत न धरलेली जमीन), मग राहिलेलं लागवडीचं. क्षेत्र एकर, गुंठे, आणे असं लिहितात. 2-07-08 म्हणजे 2 एकर 7 गुंठे 8 आणे. 40 गुंठ्यांचा एकर, 16 आण्यांचा गुंठा. शेवटचा आकडा दशांश समजून वाचला की सगळा हिशेब बिघडतो.

रकाना 9 मध्ये कब्जेदाराचं नाव, त्याचं क्षेत्र आणि खाते नंबर. नावांमध्ये 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आपल्या जुन्या मराठी कागदांतही हेच शब्द आहेत, त्यामुळे जुळवणं सोपं जातं.

रकाना 10 मध्ये जमीन कशी आली ते आणि फेरफाराचा नंबर. हा नंबर म्हणजे मागच्या कागदाचा पत्ता. तो वहीत लिहा.

रकाना 11 मध्ये इतर हक्क आणि बोजे. इथे आपल्या माणसाची हमखास फसगत होते. कानडीत 'साल' म्हणजे कर्ज. आपण ते वर्ष म्हणून वाचतो. 'सोसायटी साल' आणि पुढे आकडा दिसला तर ती कर्जाची रक्कम आहे. उलट 'सालिन' असं दिसलं तर ते अमक्या वर्षाचं, असं असतं. माझ्या मामांच्या उताऱ्यावर फिटलेलं सोसायटीचं कर्ज वर्षानुवर्षं तसंच उभं होतं, कारण त्यांनी ते वर्ष समजून सोडून दिलं होतं. कर्ज फिटल्यावर बोजा आपोआप उतरत नाही, असं धरूनच चला आणि बेबाकी दाखला नेऊन उतरवून घ्या.

रकाना 12 पिकाचा आणि कसणाऱ्याचा. इथे अनोळखी नाव दिसलं तर त्याच आठवड्यात चौकशी करा.

आता नावं. मराठी नाव कानडीत जाताना ठरावीक ठिकाणी बदलतं. महाप्राण अक्षर हलकं होतं: धोंडिबा चा दोंडिबा, भरमा चा बरमा. जोतिबा कुठे ज्योतिबा होतो, परशराम चा परशुराम. यल्लाप्पा तर यल्लप्पा, येल्लाप्पा, एल्लाप्पा असा चार तऱ्हांनी सापडतो. आडनाव कधी असतं, कधी नसतं. आता उताऱ्याला आधार जोडलं जातं आणि आधारवर चौथंच रूप असतं. घरातल्या प्रत्येक खातेदाराची सगळी रूपं एका पानावर लिहून काढा: जुना उतारा, नवा उतारा, आधार, बँक पासबुक, मृत्यूचा दाखला. हे एक पान पुढे प्रत्येक टेबलावर उपयोगी पडलं. माझ्या अर्जाला खरं बळ त्यानेच दिलं.

5. हिश्श्यांची बेरीज करा

ही पायरी लोक टाळतात आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात महत्त्वाची. तुमचा एकट्याचा उतारा पाहून क्षेत्र बरोबर आहे की नाही हे कधीच कळत नाही. त्या सर्वे नंबरचे सगळे हिस्से काढा आणि त्यांची बेरीज आकारबंदाशी लावून बघा. आकारबंद भूमापन खात्याकडे असतो आणि सर्वे नंबरचं मूळ क्षेत्र त्यात लिहिलेलं असतं.

आमचा हिशेब असा होता. आकारबंदात सर्वे नंबरचं क्षेत्र 6-12. हिस्से तीन. जुन्या उताऱ्यांवर पहिला 2-07, दुसरा 1-35, तिसरा 2-10.

कॅल्क्युलेटरवर 2.07, 1.35 आणि 2.10 मिळवले तर 5.52 येतं आणि माणूस गोंधळतो. ते 5 एकर 52 गुंठे आहेत. 52 मधून 40 काढून एक एकर वाढवा, 6 एकर 12 गुंठे. आकारबंदाशी तंतोतंत जुळलं. नव्या उताऱ्यांची बेरीज मात्र 6-06 येत होती. म्हणजे सहा गुंठे दुसऱ्या कुणाकडे गेले नव्हते, ते फक्त टाइप करताना गळाले होते. जुना उतारा भिंगाखाली धरला तेव्हा कारण दिसलं: 7 ची वरची आडवी रेघ घडीवर आल्यामुळे पुसली होती आणि उरलेली उभी रेघ 1 सारखी दिसत होती.

या बेरजेमुळे दोन गोष्टी झाल्या. शेजारच्या हिस्सेदारांवर आमचा जो संशय होता तो गेला. काका तर त्यांच्याशी बोलणं टाकायच्या बेतात होते. आणि अर्ज लिहिताना "माझं क्षेत्र कमी दाखवलं आहे" या तक्रारीऐवजी "बेरीज आकारबंदाशी जुळत नाही, टाइप करताना 7 चा 1 झाला आहे" असं नेमकं लिहिता आलं.

एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. सहा गुंठे म्हणजे साडेसहा हजार चौरस फूट. लहान वाटणारी चूक जागेवर केवढी असते ते यावरून लक्षात येईल.

महाराष्ट्रात चंदगड भागातही जमीन असलेल्यांसाठी: तिकडचा सात-बारा हेक्टर-आर मध्ये असतो. दोन्हीकडची क्षेत्रं एकाच कागदावर मांडताना आधी एकाच मापात आणा. 1 हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर.

दिशांक या कर्नाटक सरकारच्या अॅपवर आपण उभे आहोत त्या जागेचा सर्वे नंबर कळतो आणि नवख्याला शेत ओळखायला ते छान आहे. बांध ठरवायला ते वापरू नका. हद्दीचा प्रश्न असेल तर हद्दबस्त मोजणीचा अर्ज द्या.

6. रेकॉर्ड रूममधला जुना कागद मिळवा

घरात जुना उतारा नसेल तर तो तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. अर्जात "सर्व जुने उतारे" असं लिहू नका, तो अर्ज पडून राहतो. गाव, सर्वे नंबर, हिस्सा आणि ठरावीक वर्षं लिहा. कमीत कमी हे मागा: भूमीच्या आधीचा शेवटचा हस्तलिखित उतारा, संगणकावरचा पहिला उतारा आणि रकाना 10 मधल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल. पहिले दोन शेजारी ठेवले की टाइप करताना काय झालं ते तिथल्या तिथे दिसतं.

निपाणी आणि कागवाड हे तालुके नंतर झाले. निपाणीच्या गावांनी चिकोडीत आणि कागवाडच्यांनी अथणीतही चौकशी करावी, जुनं दप्तर मूळ तालुक्याकडे असण्याचा संभव असतो. बैलहोंगलमधून निघालेलं कित्तूर आणि गोकाकमधून निघालेली मुडलगी यांचंही तसंच.

स्कॅन झालेली प्रत मिळाली तर खिडकीवरून हलायच्या आधी पुढचं बघा:

- पानाच्या चारही कडा दिसतात का. बांधलेल्या वहीत आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत जातात.
- मागची बाजू आहे का. फेरफाराचा शेरा आणि अधिकाऱ्याची सही पुष्कळदा मागेच असते.
- पानांचे क्रमांक सलग आहेत का.
- वरचं गाव आणि वर्ष तुमचंच आहे का.
- शिक्का आणि तारीख वाचता येते का.

यातलं काही सुटलं असेल तर तेव्हाच सांगा आणि मूळ कागद दाखवा म्हणा. आमच्या फेरफाराच्या स्कॅनमध्ये मागचं पान नव्हतं. नक्कल देणाऱ्या बाईंनी दप्तर पुन्हा खाली काढलं आणि दोन्ही बाजूंची प्रत दिली. त्यासाठी त्यांना अर्धा तास धुळीत उभं राहावं लागलं. काम करणारी माणसं आहेत. आपल्याला काय हवं ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

7. मोडी कागद असेल तर

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं राखत नाहीत आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ओळ सलग धावते. त्यामुळे अंदाजाने वाचू नका. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्या, खाली त्यांची सही-तारीख घ्या आणि मूळ कागदाची झेरॉक्स सोबत जोडा. साल शके दिलं असेल तर त्यात 78 मिळवा: शके 1850 म्हणजे 1928 च्या सुमारास.

मोडी कागद देऊन उतारा लगेच बदलत नाही, हेही मनाशी धरून ठेवा. तो पुराव्याच्या साखळीतली एक कडी होतो.

8. चूक सापडली तर कुठे जायचं

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. चूक लिहिण्यातली आहे की हक्कातली?

जुना कागद एक सांगतो आणि टाइप केलेला दुसरं, मधे कुठलाही फेरफार नाही, तर ती लिहिण्यातली चूक. दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांच्या नावे द्यायचा. सोबत जुना आणि नवा उतारा, आकारबंद, बेरजेचा तक्ता, नावाच्या रूपांचं पान. कचेरीत याला तिद्दुपडी म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, खिडकी लवकर सापडते.

मधे एखादा फेरफार मंजूर झालेला असेल आणि तोच तुम्हाला मान्य नसेल तर तो हक्काचा प्रश्न. कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964 च्या कलम 136(2) प्रमाणे प्रांतांकडे अपील. मुदत 60 दिवस, आदेश कळल्यापासून किंवा नोंद समजल्यापासून. म्हणून चुकीची नोंद पहिल्यांदा दिसली ती तारीख आणि त्या दिवशीचा छापील उतारा जपून ठेवा. मोजणी तिथूनच सुरू होते. अशा प्रकरणात वकील करा.

वारसा नोंद, म्हणजे पौती खातं, ही तिसरी गोष्ट. हक्क आल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं (कलम 128). आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे राहून जातं. आधी चूक दुरुस्त करावी की आधी वारसा लावावा? मी आधी वारसा लावला आणि चुकलो. आजोबांच्या नावातली आणि क्षेत्रातली चूक आम्हा चार वारसांच्या नोंदीत तशीच उतरली आणि एका दुरुस्तीच्या जागी चारांचे कागद जमवावे लागले. घरात वाद नसेल आणि चूक निव्वळ टायपिंगची असेल तर तिद्दुपडीचा अर्ज आधी द्या. मुदत मात्र चुकू देऊ नका, वारसाची वर्दी लेखी देऊन पोच घेऊन ठेवा.

अर्जाची भाषा? राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे राज्यात किंवा संघात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आपल्याला आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. तरी काम पुढे सरकावं म्हणून मी अर्ज कानडीत दिला आणि त्याखाली तोच मजकूर मराठीत लिहिला. सही मराठीत केली. ज्या कागदावर सही करता तो तुम्हाला स्वतःला वाचता आलाच पाहिजे.

9. पोच, नंबर आणि वही

अर्ज दिला की सकाल कायद्याखालची पोच मागा. 2011 च्या या कायद्यात समाविष्ट सेवांना ठरलेली मुदत असते आणि पोचीवर 15 आकडी नंबर. उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. पैशाची रक्कम लहान आहे. त्या नंबरमुळे तुमचा अर्ज "आलाच नाही" असं कुणी म्हणू शकत नाही, त्याचा खरा उपयोग हा. माझा पहिला अर्ज मी तोंडी विश्वासावर देऊन आलो होतो. तीन महिन्यांनी तो सापडला नाही.

मुदत उलटली तर माहिती अधिकाराचा अर्ज: फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत. कर्नाटकच्या नियमात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून एवढंच विचारा: अमुक तारखेच्या, अमुक नंबरच्या अर्जावर रोज काय कारवाई झाली आणि तो आज कुणाच्या टेबलावर आहे.

एक शंभर पानी वही करा. प्रत्येक फेरीची तारीख, खिडकी, काय मागितलं, काय मिळालं, पुढची तारीख. सेवा चांगली की वाईट हे रागाच्या भरात ठरवण्यापेक्षा या वहीतून ठरवा: पहिल्या फेरीत पूर्ण यादी सांगितली का, पोच दिली का, चूक दाखवल्यावर कारण लिहून दिलं का. पुढे अभिप्राय द्यायची वेळ आली किंवा ग्रामसभेत बोलायची वेळ आली तर वही पुढे ठेवता येते. आमच्या गावात तिघांच्या वह्या एकत्र केल्यावर दिसलं की एकाच जुन्या वहीतल्या लागोपाठच्या नोंदींत अशाच चुका झाल्या आहेत. मग तिघांनी मिळून निवेदन दिलं आणि ती वहीच पुन्हा तपासायला काढली गेली.

10. घरजागेचं वेगळं आहे

गावठाणातलं घर भूमीत शोधू नका. ते ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू या संगणकावरच्या मालमत्ता नोंदीत असतं, नमुना 9 आणि नमुना 11, आणि चौकशी पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे. तिथे चतुःसीमा तपासा: पूर्वेला रस्ता की शेजारी, हे उलटसुलट झालेलं मी पाहिलं आहे. लांबी-रुंदी स्वतः टेपने मोजून जा.

खरेदी करताना नोंदणी कचेरीचा बोजा दाखला, म्हणजे ईसी, काढालच. कावेरी या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन साधारण 2004 पासूनचं मिळतं. त्याआधीचं जुन्या वह्यांतून शोधून घ्यावं लागतं. "ईसी स्वच्छ आहे" असं कुणी म्हणालं तर कुठल्या वर्षापासून, ते विचारा.

11. दुरुस्त उतारा आला की

त्या दिवशीच नवा उतारा काढा आणि चौथी-पाचवी पायरी पुन्हा करा. आमचं क्षेत्र 2-07 झालं तेव्हा नाव अजून दोंडिबाच होतं. ते तिथेच दाखवलं म्हणून त्याच फाइलवर काम झालं. पंधरा दिवसांनी परत एकदा ऑनलाइन बघा, बदल टिकला आहे याची खात्री होते. मग दर वर्षी एकदा, मी भातकापणी झाल्यावर बघतो.

जुना कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिकखाली शाई पसरते, आणि पुढे कुणाला मूळ कागद तपासायचा झाला तर तो बाहेर काढता येत नाही. घडी उलगडून सपाट ठेवा, टाचण्या आणि स्टेपल काढा, प्रत्येक कागद साध्या कागदी पाकिटात घालून पाकिटावर पेन्सिलने गाव, सर्वे नंबर आणि साल लिहा. फोनवर दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि घरातल्या दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. आमची ट्रंक आता काकांच्या खोलीतून पुढच्या सोप्यात आली आहे, जमिनीपासून हातभर उंच, कारण पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते.